अमेरिकेतली बंदूक, घटनेची दुसरी दुरुस्ती आणि मिलिशिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा-सून अमेरिकेत असलेले आईवडील, नुकतेच तिकडे शिकायला गेलेले विद्यार्थी आणि वीस वर्षं राहून आता मतदान करणारे लोक, या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. तुमच्या स्वतःच्या प्रकरणासाठी मात्र तुमच्या राज्यातला वकील गाठा. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आहेत आणि ते बदलत असतात.

१. ही 'दुसरी दुरुस्ती' म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेची राज्यघटना तयार झाली तेव्हा तिच्यात नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती. त्यावर बरीच ओरड झाल्यावर दहा दुरुस्त्या एकदम जोडल्या गेल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी त्या लागू झाल्या. त्यातली दुसरी शस्त्रांची. एकच वाक्य आहे, इंग्रजीत २७ शब्दांचं. मराठीत साधारण असं: 'सुव्यवस्थित मिलिशिया ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्याने, शस्त्रे जवळ ठेवण्याच्या आणि बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा आणली जाणार नाही.'

वाक्याचा पूर्वार्ध मिलिशियाबद्दल बोलतो, उत्तरार्ध लोकांच्या हक्काबद्दल. पूर्वार्ध ही उत्तरार्धाला घातलेली अट आहे की नुसतं कारण, यावर दोनशे वर्षांहून अधिक काळ भांडण चाललं आहे. या पानावरची निम्मी उत्तरं शेवटी याच प्रश्नाशी येऊन ठेपतात.

२. मिलिशिया म्हणजे फौज का?

पगारी, कायमची फौज नव्हे. गावातले शेतकरी, लोहार, दुकानदार गरज पडली की आपापली बंदूक घेऊन जमायचे, काम संपलं की घरी जायचे, ती मिलिशिया. त्या पिढीला खड्या फौजेची धास्ती होती, कारण राजाची फौज त्यांनी अनुभवली होती. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड इथे स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली, तीही ब्रिटिश सैनिक मिलिशियाचा दारूगोळा जप्त करायला निघाले म्हणून. त्याआधी इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कपत्राने प्रोटेस्टंट प्रजेला कायद्याच्या मर्यादेत शस्त्रं ठेवायची मुभा दिलेली होतीच. वसाहतीतले लोक स्वतःला त्याचे वारस समजत.

दुरुस्तीनंतर पुढच्याच वर्षी, १७९२ मध्ये, काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायदा करून १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकाला मिलिशियात नाव घालायला लावलं. बंदूक, संगीन, काडतुसं ज्याची त्याने स्वखर्चाने आणायची. म्हणजे आज ज्याला हक्क म्हणतात ते त्या काळी बरंचसं कर्तव्य होतं. 'स्वतंत्र' आणि 'गोऱ्या' या दोन शब्दांचा हिशेब प्रश्न ४ मध्ये आहे.

३. मग हा हक्क माणसाचा की मिलिशियाचा? कोर्टाने शेवटी काय ठरवलं?

माणसाचा. पण हे ठरायला २००८ साल उजाडावं लागलं, आणि तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

आधीचा मोठा निकाल १९३९ चा, 'मिलर' प्रकरणातला. दोघांजण नळी कापून आखूड केलेली शॉटगन घेऊन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले होते. असल्या बंदुकीचा सुव्यवस्थित मिलिशियाशी काही संबंध असल्याचं दाखवलेलं नाही, तेव्हा तिला संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षं खालची न्यायालयं हाच धागा धरून होती. निवृत्त सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी तर १९९१ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितलं की दुसऱ्या दुरुस्तीच्या नावाखाली जनतेची मोठी फसवणूक चालली आहे. बर्गर हे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले, म्हणजे डाव्या विचारांचे म्हणून त्यांना झटकून टाकायची सोय नव्हती.

दरम्यान जमीन सरकत होती. 'नॅशनल रायफल असोसिएशन' १८७१ मध्ये स्थापन झाली ती नेमबाजी सुधारायला. १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात जुन्या नेतृत्वाला हटवून राजकारण करणाऱ्यांनी ती ताब्यात घेतली. कायद्याच्या प्राध्यापकांमध्येही वैयक्तिक हक्काची बाजू मांडणारे वाढले.

मग आलं 'हेलर' प्रकरण. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६ पासून पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी होती. डिक हेलर हा तिथला सुरक्षा अधिकारी. कामावर पिस्तूल चालायचं, घरी मात्र ठेवता येत नव्हतं. २६ जून २००८ च्या निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिलं की पूर्वार्ध हेतू सांगतो, हक्क आवळत नाही. स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी तितक्याच तपशिलाने याच्या उलट इतिहास मांडला. दोन्ही निकालपत्रं वाचली की एकाच वाक्याच्या व्याकरणावर किती पानं खर्ची पडू शकतात ते कळतं.

याच निकालात स्कॅलिया यांनी स्पष्ट लिहिलं की हा हक्क अमर्याद नाही: गंभीर गुन्हेगारांना मनाई, शाळा आणि सरकारी इमारतींत बंदी, विक्रीवरच्या अटी, यांवर या निकालाने शंका घेऊ नये. बंदूकवाले हा परिच्छेद विसरतात, विरोधक बाकीचा निकाल विसरतात.

४. हा हक्क कृष्णवर्णीयांनाही पहिल्यापासून होता का?

नव्हता, आणि या विषयाचा सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग हाच आहे. दक्षिणेत मिलिशियाचं एक मोठं काम गुलामांवर पहारा ठेवणं हे होतं. १८५७ च्या कुप्रसिद्ध 'ड्रेड स्कॉट' निकालात सरन्यायाधीश टॉनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक का मानता येणार नाही याची कारणं दिली. त्यातलं एक असं की नागरिक मानलं तर ते जातील तिथे शस्त्रं घेऊन जाऊ शकतील. म्हणजे नागरिकाला शस्त्राचा हक्क आहे हे गृहीतच होतं. भीती होती ती नागरिकत्वाची.

यादवी युद्धानंतर मिसिसिपीसारख्या राज्यांनी मुक्त झालेल्यांना बंदूक ठेवायला मनाई करणारे कायदे केले. मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि राज्यांपासून संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती १८६८ मध्ये आली त्यामागे हेही एक कारण होतं. पण १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे गोऱ्या टोळीने कृष्णवर्णीयांचं हत्याकांड केलं आणि १८७६ मध्ये 'क्रुकशँक' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची शिक्षा रद्द केली. दुसरी दुरुस्ती फक्त केंद्र सरकारला बांधते, खासगी माणसांनी हक्क हिरावला तर ती मध्ये येत नाही, असं कारण दिलं.

राज्यांनाही ती लागू होते हे ठरलं २०१० मध्ये, 'मॅकडोनाल्ड' प्रकरणात. याचिकाकर्ते ओटिस मॅकडोनाल्ड हे शिकागोतले वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होते; वस्तीतल्या गुंडांपासून बचावासाठी त्यांना पिस्तूल हवं होतं.

उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे तरुण उघडपणे बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले, तेव्हा भरलेली बंदूक रस्त्यावर बाळगायला मनाई करणारा कायदा तिथे झटपट झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन.

५. कोणीही दुकानात जाऊन भाजीसारखी बंदूक आणतो, हे खरं का?

परवानाधारक दुकानातून घेताना तरी नाही. फॉर्म क्रमांक ४४७३ भरावा लागतो, ओळखपत्र दाखवावं लागतं आणि दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो. ही तपासणी १९९३ च्या ब्रेडी कायद्याने आली, संगणकीय यंत्रणा १९९८ पासून चालू आहे. बहुतेक वेळा उत्तर काही मिनिटांत येतं. तीन कामकाजाच्या दिवसांत आलं नाही तर केंद्राच्या कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो. २१ वर्षांखालच्यांसाठी २०२२ पासून जास्त तपासणी आहे. दुकानातून रायफल किंवा शॉटगन घ्यायला वय १८, पिस्तुलाला २१.

भोक आहे ते दुसरीकडे. एका राज्यातल्या दोन खासगी माणसांनी आपसात विकली-घेतली तर केंद्राचा कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यांनी ते भोक बुजवलंय, बाकीच्यांनी नाही. शिवाय केंद्राने सर्व बंदुकांची एक नोंदवही ठेवायला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे.

६. कोणाला बंदूक ठेवताच येत नाही?

१९६८ च्या केंद्रीय कायद्यात यादी आहे: एक वर्षाहून अधिक कैदेच्या शिक्षेला पात्र गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरारी, अमली पदार्थ वापरणारे, न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेले, बेकायदा राहणारे आणि बहुतेक तात्पुरत्या व्हिसावरचे परदेशी (प्रश्न १०). घरगुती हिंसाचाराच्या छोट्या गुन्ह्यात दोषी ठरलेले किंवा ज्यांच्यावर त्यासाठी संरक्षण आदेश आहे असेही यात पुढे जोडले गेले.

इथे आपल्या लोकांची गल्लत होते ती गांजाबद्दल. तुमच्या राज्यात दुकानात उघड मिळत असला तरी केंद्राच्या कायद्यात तो अमली पदार्थच धरला जातो आणि फॉर्म ४४७३ वर त्याचा थेट प्रश्न असतो. खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा. या मनाईला न्यायालयांत आव्हानं दिली गेली आहेत, पण आव्हान दुसऱ्याला देऊ द्या.

७. मशीनगन, एआर-१५ हेही घटनेच्या संरक्षणात येतात का?

मशीनगनचं उत्तर सोपं आहे. १९३४ पासून नोंदणी आणि २०० डॉलर कर, आणि मे १९८६ नंतर बनलेल्या नव्या मशीनगन सामान्य माणसाला घेताच येत नाहीत. एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित रायफलींवर १९९४ ते २००४ केंद्राची बंदी होती, ती मुदत संपून गळून पडली. आज कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मेरीलँड अशा काही राज्यांत बंदी आहे, बहुतेक ठिकाणी नाही. मेरीलँडच्या बंदीविरुद्धचं प्रकरण ऐकायला सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये नकार दिला.

८. बंदूक कमरेला लावून रस्त्यावर फिरता येतं का?

राज्य कोणतं यावर. व्हर्मांटमध्ये पूर्वीपासून परवाना लागत नाही. आता निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ माणसाला परवान्याशिवाय बाळगता येते. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत मात्र शंभर वर्षांहून जुना नियम होता: परवाना हवा तर खास कारण दाखवा. जून २०२२ मध्ये 'ब्रुएन' निकालाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाला. हक्क बजावायला कारण सांगावं लागत नाही, असं न्यायमूर्ती थॉमस यांचं म्हणणं. परवाना मागायला, प्रशिक्षणाची अट घालायला आणि शाळा, न्यायालय, मतदान केंद्र अशा ठिकाणी मनाई करायला राज्यं अजूनही मोकळी आहेत. शाळेच्या आवारापासून हजार फुटांत केंद्राचा वेगळा कायदा लागतो, त्याला अपवादही बरेच आहेत.

९. आजकाल कोर्टात १७९१ चे कायदे का धुंडाळतात?

'ब्रुएन'ने कसोटीच बदलली. पूर्वी न्यायाधीश हक्क आणि सार्वजनिक सुरक्षा तराजूत घालत. आता सरकारने दाखवायचं की आजचा नियम अमेरिकेच्या शस्त्रनियमनाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो. त्यामुळे सरकारी वकील अठराव्या शतकातले दारूगोळा साठवणुकीचे नियम शोधत बसले आणि खालच्या न्यायालयांनी एकाच मुद्द्यावर उलटसुलट निकाल दिले.

२०२४ च्या 'राहिमी' निकालाने लगाम थोडा सैल केला. मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल ज्याच्यावर संरक्षण आदेश होता अशा टेक्सासमधल्या माणसाने, १७९१ मध्ये असा कायदा नव्हता म्हणून आताचाही रद्द करा, असा दावा केला होता. आठ विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला गेला: हुबेहूब जुळा कायदा नको, तत्त्व जुळलं तरी पुरे. एकमेव विरोधी मत थॉमस यांचं, म्हणजे कसोटी ज्यांनी लिहिली त्यांचंच. माझ्या मते ही कसोटी न्यायाधीशांना इतिहासकार व्हायला लावते आणि तो त्यांचा धंदा नव्हे.

१०. मी एफ-१ वर शिकतोय, नवरा एच-१बी वर आहे. आम्हाला घेता येईल का?

मुळात नाही. केंद्राचा कायदा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई करतो. एफ-१, एच-१बी, एच-४, बी-२ सगळे यात आले. ज्याच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना आहे त्याला अपवाद आहे. त्यामुळे 'शिकारीचं लायसन काढ, मग चालतं' असा सल्ला फिरतो. तो कागदावर बरोबर आहे, पण परवान्याची मुदत संपली की त्याच क्षणी घरातली बंदूक गुन्हा ठरते, शिवाय काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. या कलमाखाली कमाल शिक्षा १५ वर्षं, आणि परदेशी माणसाला शस्त्राच्या गुन्ह्यात हद्दपारीचीही तलवार. मी या वाटेला जाऊ नका असं सांगेन.

११. नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूक तासभर चालवली, किंवा दसऱ्याला शस्त्रपूजेत हातात घेतली, तर?

बाळगणं म्हणजे मालकी नव्हे. ताब्यात घेणं पुरेसं आहे, तासभर असलं तरी. 'रिहैफ' प्रकरण विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावं. संयुक्त अरब अमिरातीतून आलेला एक विद्यार्थी नापास होऊन विद्यापीठातून बाहेर पडला, त्याचा कायदेशीर वास्तव्याचा दर्जा गेला, आणि नंतर फ्लोरिडातल्या रेंजवर त्याने दोन बंदुका चालवल्या. एवढ्यावर खटला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की आपला दर्जा गेला आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. आरोपीच्या बाजूचा निकाल, पण रेंजवरच्या तासाभराने खटला उभा राहतो हेही त्यातून दिसलंच. पूजेला घरातली विळी, पाना, स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. लॅपटॉप तर सगळेच ठेवतात.

१२. ग्रीन कार्ड मिळालं. आता?

केंद्राच्या कायद्यानुसार घेता येते. फॉर्मवर तुमचा परदेशी नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. प्रश्न ६ ची यादी तुम्हालाही लागू. नागरिकापेक्षा तुमचा धोका मोठा आहे, कारण शस्त्रकायद्याचा भंग नागरिकाला दंड-कैदेपर्यंत नेतो, तुम्हाला देशाबाहेरही.

१३. मंदिरात, मंडळाच्या गणपतीत किंवा ऑफिसात बंदूक आणायला आम्ही मनाई करू शकतो का? हा घटनेचा हक्क आहे ना?

करू शकता. घटना सरकारला बांधते, घरमालकाला नाही. खासगी जागेचा मालक पाहुण्याला बंदूक बाहेर ठेवून ये म्हणू शकतो. पद्धत मात्र राज्याची पाळावी लागते. टेक्सासमध्ये कलम ३०.०६ आणि ३०.०७ चे ठरावीक मजकुराचे फलक इंग्रजी व स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लावावे लागतात; नुसतं बंदुकीवर काट मारलेलं चित्र परवानाधारकाच्या बाबतीत पुरत नाही. ऑफिसात मालकाचा नियम चालतो, पण बऱ्याच राज्यांत पार्किंगमधल्या बंद गाडीत ठेवलेल्या बंदुकीला मालक हात लावू शकत नाही.

१४. मुलगी मैत्रिणीकडे राहायला जातेय. 'तुमच्या घरी बंदूक आहे का' असं विचारणं बरं दिसतं का?

विचारा. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाच विचारा म्हणते. 'कुत्रा आहे का, शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, बंदूक असेल तर कुलपात आहे ना' अशा ओघात विचारलं की कोणी दुखावत नाही. बंदूक कुलपात ठेवायची सक्ती करणारे कायदे बऱ्याच राज्यांत आहेत. 'हेलर'ने रद्द केला तो नियम घरातली बंदूक कायमच निकामी ठेवायला सांगत होता. त्यामुळे साठवणुकीचे सगळेच नियम घटनाबाह्य ठरत नाहीत. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड शाळेत २०२१ साली चार विद्यार्थ्यांचा जीव गेला, त्यात गोळ्या झाडणाऱ्या मुलाचे आई आणि वडील दोघंही २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले.

१५. घटनेतच मिलिशिया आहे, तर दहाजण मिळून आपली मिलिशिया काढता येते का?

नाही. बातम्यांत लष्करी कपड्यांत दिसणारे गट स्वतःला 'घटनात्मक मिलिशिया' म्हणवतात, पण त्यांच्या नावामागे कायदा नाही. घटनेचा पहिला अनुच्छेद मिलिशियाला बोलावण्याचा, संघटित करण्याचा आणि शस्त्रसज्ज करण्याचा अधिकार काँग्रेसला देतो; अधिकारी नेमणं आणि प्रशिक्षण राज्यांकडे. 'सुव्यवस्थित' हा शब्द मसुद्यात उगाच पडलेला नाही.

निकालही जुना आहे. शिकागोत जर्मन कामगारांची 'लेर उंड वेर फेराइन' नावाची संघटना होती. मालकांची भाडोत्री माणसं आणि पोलीस संपांवर चाल करत, म्हणून हे कामगार कवायत शिकत. १८७९ मध्ये हर्मन प्रेसर घोड्यावर तलवार घेऊन पुढे आणि मागे सुमारे चारशे माणसं रायफली घेऊन, असं संचलन निघालं. गव्हर्नरच्या परवान्याशिवाय असं करायला इलिनॉयमध्ये बंदी होती. प्रेसरला दहा डॉलर दंड झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८६ मध्ये हरला: खासगी लष्करी संघटना आणि कवायतींवर राज्य बंदी घालू शकतं. 'हेलर'नेही हा भाग कायम ठेवला. आज पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपात अशा खासगी सैन्यांविरुद्ध तरतुदी आहेत; व्हर्मांटने २०२३ मध्ये प्रशिक्षण छावण्यांविरुद्ध नवा कायदा केला. पोलीस त्या फारशा वापरत नाहीत, ही वेगळी तक्रार.

थोडक्यात एकट्याने बंदूक ठेवणं हा हक्क, चौघांनी मिळून फौज बनवणं हा हक्क नव्हे. १७९१ च्या वाचकाला हे उलटं वाटलं असतं.

१६. मग खरी मिलिशिया आज कुठे आहे? मी तिच्यात येतो का?

कदाचित येता, आणि तुम्हाला कोणी कळवलेलं नाही. १९०३ च्या डिक कायद्याने मिलिशियाचे दोन भाग केले. संघटित भाग म्हणजे नॅशनल गार्ड: गव्हर्नरच्या हाताखाली, पण राष्ट्राध्यक्ष केंद्राच्या सेवेत बोलावू शकतात, आणि 'परपिच' निकालानुसार (१९९०) प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवायला गव्हर्नरची संमती लागत नाही. असंघटित भागात १७ ते ४५ वयाचे सगळे धडधाकट पुरुष नागरिक, आणि नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेलेही. स्त्रिया फक्त नॅशनल गार्डमध्ये असतील तर. काही राज्यांत 'स्टेट गार्ड' नावाची आणखी एक सरकारी संघटना असते, टेक्सासमध्ये आहे. असंघटित भागाला ना कवायत, ना हजेरी. प्रश्न १५ मधले गट याच व्याख्येवर बोट ठेवतात, पण बोलावण्याचा अधिकार सरकारचा, स्वतःहून जमण्याचा नव्हे.

१७. सरकार जुलमी झालं तर लढता यावं म्हणूनच ही दुरुस्ती आहे ना?

असं मानणारे खूप आहेत आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे: घटनेचे एक शिल्पकार मॅडिसन यांनी १७८८ मध्ये लिहिलं की केंद्राची फौज उलटली तरी राज्यांच्या हाताखालची सशस्त्र जनता तिला पुरून उरेल. 'राज्यांच्या हाताखालची' हे शब्द सहसा गाळले जातात. त्याच घटनेत बंड मोडण्यासाठी मिलिशिया बोलावण्याचा अधिकार आहे. १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियात दारूवरच्या कराविरुद्ध शेतकरी उठले तेव्हा वॉशिंग्टन यांनी सुमारे तेरा हजारांची मिलिशिया त्यांच्यावरच धाडली. बंडाचा हक्क कोणत्याही न्यायालयाने मान्य केलेला नाही.

१८. घरात शिरलेल्या माणसाला गोळी घालायची मुभा याच दुरुस्तीतून येते का?

नाही. ती राज्याच्या फौजदारी कायद्यातून येते. फ्लोरिडाने २००५ मध्ये 'जागा सोडायची गरज नाही' असा कायदा केला, इतरांनी उचलला. काही राज्यांत बाहेर असताना शक्य असेल तर मागे हटणं बंधनकारक आहे. बंदूक वैध असणं आणि गोळी वैध असणं हे दोन निराळे प्रश्न.

१९. एवढी माणसं मरतात, मग ही दुरुस्ती रद्द का करत नाहीत?

२०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, ही गोष्ट चर्चेत हरवते. २०१८ च्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या अंदाजानुसार नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, माणसांपेक्षा जास्त.

रद्द करायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची संमती लागते. आजवर एकच दुरुस्ती रद्द झाली, दारूबंदीची, १९३३ मध्ये. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निवृत्तीनंतर २०१८ मध्ये रद्द करण्याची मागणी केली. राजकारण्यांपैकी फारसं कोणी मागे गेलं नाही. आणि रद्द झाली तरी बहुतेक राज्यांच्या स्वतःच्या घटनांत हा हक्क आहेच. आयोवाने तर २०२२ मध्ये मतदान घेऊन नव्याने घातला. शिवाय बहुतेक निर्बंध (प्रश्न ५, ६, १४) दुरुस्तीला हात न लावता करता येतात. अडतं ते काँग्रेसमध्ये.

२०. असा हक्क आणखी कुठल्या देशाच्या घटनेत आहे?

मेक्सिको आणि ग्वाटेमाला. मेक्सिकोच्या १९१७ च्या घटनेतलं दहावं कलम घरात शस्त्र ठेवू देतं, पण कायद्याने ते इतकं आवळलं आहे की बराच काळ संपूर्ण देशात लष्कर चालवत असलेलं एकच दुकान होतं. स्वित्झर्लंडचं नाव नेहमी घेतलं जातं, पण तिथे घटनात्मक हक्क नाही. मिलिशिया पद्धतीचं सैन्य आहे आणि सैनिक रायफल घरी नेतात.

२१. आपल्या घटनेत हा हक्क का नाही?

मागणी होती. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. तो अपमान राष्ट्रीय सभेच्या ठरावांत वर्षानुवर्षं निघत राहिला. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला: प्रत्येकाला बाजारात जाऊन हवी ती शस्त्रं घेण्याचा हक्क दिला तर राज्य कारभार कसा चालवणार? दुरुस्ती पडली. कलम १९ मध्ये जमण्याचं स्वातंत्र्य आहे ते 'शांततेने व विनाशस्त्र'. शीख बांधवांचं कृपाण कलम २५ च्या स्पष्टीकरणात धर्माचा भाग म्हणून आहे. बाकी सगळं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावर, आणि २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका.

२२. भारतात येताना तिकडची बंदूक आणता येईल का? आणि बॅगेत चुकून काडतूस राहिलं तर?

बंदूक आणायचा विचार सोडा. भारतीय परवाना आणि आयातीची परवानगी दोन्ही लागतं. काडतुसाचा प्रश्न जास्त खरा आहे. रेंजवर नेलेलीच बॅग पुढे मुंबईच्या प्रवासाला वापरली जाते, खिशाच्या अस्तरात एक काडतूस राहतं, आणि विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. भारतीय न्यायालयं ताबा 'जाणीवपूर्वक' होता का हे बघतात आणि त्या मुद्द्यावर अशी प्रकरणं रद्दही होतात, पण तोवर पासपोर्ट, वकील, तारखा. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि निघायच्या आदल्या दिवशी प्रवासाच्या बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका.